‘रोल नाहीये, बॅकस्टेज कर’

बसमध्ये असाल, भांडी घासत असाल, हॉस्टेलच्या गच्चीवर असाल, कुठेही असा, हेडफोन नीट लावा. आजचा भाग नाटकाबद्दल आहे, पण नटांबद्दल नाही. नटांबद्दल बोलायला पुष्कळ लोक आहेत. मला बोलायचंय ते काळे कपडे घालून विंगेत उभ्या असणाऱ्यांबद्दल. मी त्यांच्यातलीच एक. सांगलीतल्या एका हौशी नाट्यसंस्थेत गेली अकरा वर्षं बॅकस्टेज करतेय. दिवसा लॅबमध्ये नोकरी, रात्री तालीम. पैसे किती मिळतात? शून्य. उलट रिक्षाचे आपलेच जातात.

आमच्याकडे नवीन नाटक ठरलं की फोनवर मेसेज सुरू होतात. ‘ताई, ऑडिशन कधी आहे?’ गेल्या वर्षी पाच पात्रांच्या नाटकासाठी तीसेक मेसेज आले असतील. आणि त्याच नाटकाला म्युझिक ऑपरेट करायला माणूस मिळेना. एकही नाही. शेवटी एका नटाच्या धाकट्या बहिणीला, जिची दोन दिवसांनी सेमिस्टरची परीक्षा होती, तिला लॅपटॉपसमोर बसवलं. पोरगी भारी निघाली हा भाग वेगळा. पण आमच्या नाटकाची प्रवेशिका मागे घ्यायची वेळ आली होती, तीही नट नाहीत म्हणून नाही, तर स्पेसबार दाबायला कोणी नाही म्हणून!

आता ज्यांनी हे जग कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ‘हौशी’ हा शब्द आपण जरा हिणवून वापरतो, ‘काय हौशी लोक आहेत’ वगैरे. पण नाटकात तो रीतसर शब्द आहे. सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची जी मोठी स्पर्धा असते, तिचं नावच महाराष्ट्र राज्य हौशी मराठी नाट्य स्पर्धा. वेगवेगळ्या शहरांत केंद्रं असतात, तिथे प्राथमिक फेरी होते, निवडलेली नाटकं अंतिम फेरीला जातात. यात बँकेतले लोक असतात, शिक्षक असतात, एसटीतले, दुकानदार, कॉलेजची पोरं. व्यावसायिक नाटकात पडद्यामागच्या कामगारांना प्रयोगाचे पैसे मिळतात, ‘नाइट’ म्हणतात त्याला. तो त्यांचा पोटापाण्याचा धंदा आहे. लॉकडाऊनमध्ये थिएटरं बंद झाली तेव्हा त्या लोकांचे किती हाल झाले ते तुम्ही वाचलं असेल. आमच्याकडे नाइट नाही. आमच्याकडे वडापाव आहे.

आणि सांगलीत राहून नाटकाबद्दल बोलायचं म्हणजे विष्णुदास भाव्यांचं नाव आलंच. 1843 साली त्यांनी इथे ‘सीतास्वयंवर’ केलं, म्हणून 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन करतो. त्या दिवशी इथे भावे गौरव पदकाचा सोहळा असतो, सगळं गाव येतं. पण मला भाव्यांची दुसरीच गोष्ट आवडते. ते लाकडी बाहुल्याही करायचे. म्हणजे आपण ज्यांना मराठी नाटकाचे जनक म्हणतो त्या माणसाला मागे उभं राहून दोरी ओढणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. पुढे पौराणिक नाटकांत राक्षस आला की मशालीवर राळ टाकून भडका उडवायचे. लोक घाबरायचे, टाळ्या द्यायचे. राक्षस कोण झालं होतं ते कुठेतरी नोंदलेलं सापडेल. राळ कोणी टाकली? शोधा, मिळालं तर मला कळवा.

बरं, बॅकस्टेज म्हणजे नक्की काय करता, असं मला घरचेसुद्धा विचारतात. आमची आजी सगळ्यांना सांगायची, ‘नात नाटकात पडदा ओढते.’ (हसते) पडदा मी फार कमी वेळा ओढलाय.

काम तालमीपासून सुरू होतं. खरं तर त्याच्याही आधी, कागदांपासून. नाटकाचा जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. त्या प्रती काढणं, अर्ज, नंबर जपून ठेवणं, लेखकाची लेखी परवानगी आणणं. हे काम करणाऱ्याला कोणी रंगकर्मी म्हणत नाही. पण तो कागद नसला तर तुमचा नटसम्राट घरी बसतो.

मग वस्तू. नाटकात याला प्रॉपर्टी म्हणतात. घर-जमीन नाही हं, प्रॉपर्टी म्हणजे स्टेजवर हाताळायच्या वस्तू. चष्मा, पत्र, कपबशी, औषधाची बाटली, जुना लँडलाइन फोन. हौशी नाटकात या विकत आणायच्या नसतात, मागायच्या असतात. माझ्या काकूचा लाकडी सोफा तीन नाटकांत होता. एकदा जमीनदाराच्या वाड्यात, एकदा मुंबईच्या फ्लॅटमध्ये, एकदा वृद्धाश्रमात. तिसऱ्या वेळी मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, ‘अरे, हा सोफा ओळखीचा वाटतोय की!’ काकूला केवढा आनंद झाला होता. माणसांना असं सामील व्हायला आवडतं, फक्त वस्तू वेळेत आणि न मोडता परत गेली पाहिजे. मी वहीत लिहिते. कोणाकडून काय, कधी आणलं, कुठे खरचटलेलं होतं. खरचटलेलं आधी लिहायचं, हे महत्त्वाचं.

विंगेत एक टेबल असतं. त्यावर मी जुन्या कॅलेंडरचा कागद उलटा चिकटवते आणि प्रत्येक वस्तूभोवती स्केचपेननं रेघ मारते. चष्म्याची जागा, पत्राची जागा. नट एक्झिट घेऊन आला की वस्तू त्या रेघेत ठेवायची. अंधारात एका नजरेत कळतं काय कमी आहे. पहिल्या अंकात खिशात राहिलेलं पत्र तिसऱ्या प्रवेशात टेबलावर हवं असतं, आणि नटाला ते आठवत नाही. त्यानं आठवूही नये. त्याच्या डोक्यात संवाद असतात. आठवायचं काम माझं.

आणि ब्लॅकआउट. तुम्ही प्रेक्षागृहात बसलेले असता, दिवे जातात, पाच-सात सेकंद म्युझिक वाजतं, दिवे येतात, तर खोलीतलं टेबल गेलेलं असतं आणि पलंग आलेला असतो. तुम्ही त्या वेळात मोबाइल बघता. (नका बघू. तुमच्या स्क्रीनचा उजेड आमच्या अंगावर पडतो आणि टेबल घेऊन पळणारा माणूस पहिल्या तीन रांगांना दिसतो.) त्या पाच-सात सेकंदांसाठी आम्ही पंधरा-वीस वेळा तालीम केलेली असते. जमिनीवर रेडियमच्या टेपचे बारीक तुकडे चिकटवलेले असतात, पलंगाचा पाय त्यावरच यायला हवा. चार माणसं, कोण कुठून शिरणार, कोण कुठून निघणार, ठरलेलं. चप्पल नाही, पैंजण नाही, किल्ल्यांचा जुडगा खिशात नाही. बोलायचं नाही. मनातल्या मनात आकडे मोजायचे. मला विचाराल तर आख्ख्या नाटकात याच्याइतकं थरारक काही नसतं, पण माझं मत एकतर्फी आहे हे मान्य.

लाईटचं काम आमच्याकडे एक काका करतात. साठी ओलांडलेली. नोकरी सगळी वीज खात्यात गेली. दिग्दर्शक त्यांना ‘उदास संध्याकाळ पाहिजे’ असं काहीतरी सांगतो आणि काका शांतपणे विचारतात, ‘म्हणजे डिमर कितीवर?’ जिलेटिन पेपर दोनदा-तीनदा वापरून विरले तरी टाकत नाहीत. मला म्हणतात, ‘पोरी, नवा पिवळा फार पिवळा असतो. जुना बरा, संध्याकाळसारखा.’

2019च्या पुरात कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ 57 फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा आमचं सामान ठेवायची खोली पाण्यात होती. फ्लॅटचं कापड कुजलं, लेव्हली फुगल्या, कपड्यांच्या दोन ट्रंका गेल्या. त्याबद्दल जास्त बोलत नाही, लोकांची घरं गेली होती. फक्त एवढंच, की खोली धुवायला आले ते सात जण होते, आणि सातांपैकी सहा बॅकस्टेजचे. सातवी आमची नायिका. तिच्याबद्दल माझा आदर तेव्हापासून वाढला.

आता ज्याच्यासाठी हा भाग करायचं ठरवलं, ती गोष्ट.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे एक मुलगा आला. डिप्लोमा करत होता, तासगावकडचा, रोज शेवटच्या गाडीनं परत जायचा. त्याला अभिनय करायचा होता. वाचनाला बसला, छान वाचलं, पण रोल मिळाला नाही. आणि मग त्याला जे वाक्य ऐकायला मिळालं ते हौशी संस्थांमध्ये जाल तिथे ऐकू येतं : ‘सध्या रोल नाहीये, तू बॅकस्टेज कर.’ जणू नापासांची तुकडी. तो ‘बरं’ म्हणाला आणि थांबला. तीन महिने फ्लॅट रंगवले, खिळे ठोकले, चहा आणला.

स्पर्धेच्या प्रयोगात दुसऱ्या अंकाला मागच्या भिंतीच्या फ्लॅटचा ब्रेस निसटला. ब्रेस म्हणजे फ्लॅटला मागून तिरका टेकू देतो तो. फ्लॅट म्हणजे लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेली भिंत, आठ फूट उंच, आणि त्याच भिंतीत दार होतं. म्हणजे नट येणार, दार उघडणार, आपटणार. दार आपटणं हा नाटकातला महत्त्वाचा क्षण होता. ब्रेस परत बसवायचा तर ठोकायला लागणार, आणि समोर अतिशय शांत प्रवेश चालू. या मुलानं काही विचारलं नाही. फ्लॅटला पाठ लावली, पाय रोवले, दोन्ही हातांनी चौकट धरली आणि उभा राहिला. अंक संपेपर्यंत. घड्याळ माझ्या हातात होतं, प्रत्येक प्रवेशाची वेळ मीच लिहीत असते, म्हणून नक्की सांगते : बावीस मिनिटं. मधे नायकानं दार आपटलं तेव्हा धक्का त्याच्या खांद्यात बसला. भिंत हलली नाही. मी त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली, त्यानं मानेनंच नको म्हटलं, घोट घेताना हलेन म्हणून.

त्या नाटकाला बक्षीस मिळालं. सांघिक. आणि नेपथ्यालाही. मग नेहमीप्रमाणे कौतुक समारंभ झाला, हार, नारळ, फोटो. नटांची नावं झाली, लेखक-दिग्दर्शक झाले, नेपथ्यकार झाले, देणगीदार झाले, देणगीदारांचे मेहुणेसुद्धा झाले. आणि मग सूत्रसंचालक म्हणाला, ‘...आणि पडद्यामागचे सर्व ज्ञात-अज्ञात हात.’

अज्ञात! तो मुलगा तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याला तिथले सगळे नावानं ओळखत होते.

तो चिडला नाही. भांडला नाही. पुढच्या नाटकाच्या वाचनाला आला नाही, एवढंच. फोन केला तर म्हणाला, ‘ताई, प्रोजेक्ट आहे.’ आता पुण्यात नोकरी करतो. मधे एकदा भेटला, खूप आपुलकीनं बोलला. मी विचारलं, तिकडे नाटक करतोस का? म्हणाला, ‘बघतो की, तिकीट काढून.’

मी त्यानंतर संस्थेच्या बैठकीत हा विषय काढला. आमचे दिग्दर्शक सर चांगले आहेत, त्यांच्याकडूनच मी सगळं शिकले. पण ते म्हणाले, ‘अगं, बॅकस्टेज ही साधना आहे. इथे नावासाठी कोणी काम करत नाही.’ लाईटवाले काकाही म्हणाले, ‘मला कुठं नाव पाहिजे?’ मी म्हटलं, काका, तुम्हाला नको, कारण तुम्हाला चाळीस वर्षं सगळं गाव ओळखतं. नाट्यगृहात शिरलात की पाच जण उठून उभे राहतात. तुम्ही नाव नको म्हणू शकता. विशीतला पोरगा जो तासगावहून येतो, घरी वडिलांना सांगतो की मी नाटकात आहे, त्यानं पेपरातलं कात्रण दाखवायचं तर त्यात काय दाखवायचं? ‘अज्ञात हात’ या दोन शब्दांवर बोट ठेवायचं?

सर थोडे गप्प झाले. मग म्हणाले, ‘बोलतेस ते नाट्यमय आहे.’ (हसते) सरांकडून ही दादच समजायची.

मला हे ‘निःस्वार्थ सेवा’ प्रकरण जरा खटकतं. फुकट काम करायला माझी ना नाही, अकरा वर्षं करतेच आहे. पण फुकट काम करणाऱ्याला पैशांशिवाय जे जे देता येतं ते तरी द्यायला हवं ना? नाव देता येतं. वेळेवर जेवण देता येतं, नट मेकअप करताना जेवतात आणि सेट लावणाऱ्यांना उरलेला भात, हे चालणार नाही. शिकवता येतं. तीन महिने एखाद्याला नुसते खिळे ठोकायला लावलेत आणि प्रकाशयोजना म्हणजे काय हे एकदाही समजावलं नाही, तर तो का थांबेल? आणि मुलींना घरी पोचवता येतं. तालीम संपायला रात्रीचे अकरा-साडेअकरा होतात, प्रयोगाच्या दिवशी टेम्पो भरून निघेपर्यंत एक वाजतो. माझे बाबा पहिली दोन वर्षं गेटपाशी स्कूटर घेऊन थांबायचे. सगळ्यांचे बाबा थांबत नाहीत. किती मुली चांगलं काम करताकरता केवळ या एका कारणानं थांबल्या, त्यांची नावं मी आत्ता घेऊ शकते.

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ तुम्ही पाहिलं असेल किंवा नाव तरी ऐकलं असेल. ते 1967मध्ये रंगभूमीवर आलं. ते नाटक अशाच एका हौशी मंडळाचं आहे हे लोक विसरतात. मुंबईची मंडळी एका गावात प्रयोगाला येतात, त्यांचा एक माणूस आजारी असतो, म्हणून गावातला सामंत नावाचा साधा माणूस बदली म्हणून घेतात. आणि वेळ घालवायला जो खेळ सुरू करतात त्यात बेणारेबाईंचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. हौशी मंडळी म्हणजे सगळी प्रेमळच, असं अजिबात नाही. एकत्र काम करणाऱ्या लोकांमध्ये कोण वरचा, कोण खालचा, कोणाला गृहीत धरायचं हे सगळं असतं. पैसे नसले म्हणजे उतरंड नसते असं थोडंच आहे.

त्या बैठकीनंतर काही गोष्टी बदलल्या, काही नाही. जाहिरातीच्या पोस्टरवर आता बॅकस्टेजची सगळी नावं येतात. पूर्ण नावं, बारीक अक्षरात, पण येतात. एका नटानं कुरकुर केली की पोस्टर गर्दीचं दिसतं. दिसू दे. पडदा पडल्यावर प्रेक्षकांसमोर यायचं तेव्हा आम्हीही येतो, काळ्या कपड्यांत, उजेडाला डोळे मिचकावत. पहिल्यांदा काका यायला तयार नव्हते. ओढून आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि डिमरच्या धुळीचं निमित्त सांगितलं.

‘तू बॅकस्टेज कर’ हे वाक्य मात्र अजून गेलेलं नाही. माझं म्हणणं असं आहे की वाचनाच्या पहिल्याच दिवशी विचारा : कोणाला स्टेजवर यायचंय, कोणाला मागे राहायचंय? दोन्ही हात वर झाले पाहिजेत. मागे राहायला आवडणारी माणसं असतात. मी आहे. मला कधीच स्टेजवर जायचं नव्हतं, आणि हे सांगितलं की लोकांना वाटतं मी लाजते किंवा मनातून कुढते. अजिबात नाही. समोर सातशे माणसं एकदम गप्प होतात आणि ती का गप्प झाली हे विंगेत उभं राहून मला ठाऊक असतं, कारण तो टेलिफोन मी वाजवलेला असतो. मला तेवढं पुरतं.

आता कोणी म्हणेल, हल्ली रील्समुळे सगळ्यांना दिसायचं असतं, तुमची पिढीच तशी. मला ते पटत नाही. त्या परीक्षा असलेल्या मुलीनं एकदाही रील केला नाही. तिनं लॅपटॉपवर नोटिफिकेशन बंद केली, वाय-फाय बंद केलं, एकेक म्युझिकच्या फाइलला नंबर दिले, आणि वर दुसऱ्या मोबाइलवर सगळं कॉपी करून ठेवलं. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या घंटेच्या आधी लॅपटॉपनं अपडेट मागितलं, तर तिनं शांतपणे वायर काढून मोबाइलला लावली. लाईटवाले काका तिच्याकडे बघून मला म्हणाले, ‘हिला सोडू नको.’ परीक्षेत पास झाली, तेही सांगून टाकते, नाहीतर तुम्ही कॉमेंटमध्ये विचाराल.

तर, यंदाचं नाटक ठरलंय. दोन अंकी आहे, सेट एकच आहे पण त्याला जिना आहे, म्हणजे आमची कंबर गेली. तालीम सोमवारपासून, रात्री साडेआठला. नट पूर्ण आहेत. बॅकस्टेजला चार हवेत, दोन आहेत. सांगलीत नसाल तर तुमच्या गावातल्या संस्थेत जा आणि दारातच सांगा की मला रोल नको, मला मागे काम करायचंय. बघा चेहरे कसे होतात ते.

येताना काळा, फुल हाताचा टी-शर्ट आणा, आवाज न करणारे रबरी सोलचे बूट आणा, छोटी टॉर्च आणा. पाण्याची बाटली स्वतःची. पहिल्या दिवशी काका तुम्हाला वायर गुंडाळायला देतील, त्याला नाही म्हणू नका, ते त्यावरूनच माणूस ओळखतात. कोपरावर पीळ देऊन गुंडाळायची नाही, गोल वेटोळी सोडत जायची. आणि घरी सांगून या, उशीर होईल म्हणून. परत सोडायची जबाबदारी आमची.